नाव इथं, आवाज तिकडं

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली रस्त्यावर पाटी लावायची ठरली तेव्हा मी पेंटरला लिहून दिलं, 'नको असलेले क्लाउड बंद करून मिळेल'. पेंटर मराठीचा अभिमानी निघाला. त्यानं 'नको असलेले ढग बंद करून मिळतील' असं झोकात रंगवून टाकलं. पुराचा धसका घेतलेलं आमचं सांगली गाव. त्या पावसाळ्यात जाता-येता लोक वर मान करून विचारायचे, "ताई, कोयनेवरचे पण बंद करता का?"

पाटी मी बदलली नाही. तिच्यामुळे गिऱ्हाईक हसत हसत जिना चढतं आणि हसत आलेल्या माणसाचं काम करायला बरं वाटतं.

मी मूळची जत भागातली. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कॉम्प्युटरवर कापडाचं झाकण घालायचे आणि खोलीबाहेर चपला काढायला लावायचे, त्या काळात मी हे काम शिकले. वडिलांना माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "पोरगी सांगलीत मशिनी बऱ्या करती." मला ते वर्णन आवडायचं, अजूनही आवडतं.

पूर्वी बरं करणं म्हणजे स्क्रू काढायचे, धूळ फुंकायची, जळका भाग बदलायचा. आता मशीन ठणठणीत असतं आणि मालक घाबरलेला असतो. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की तो बरंच काही विचारतो. आपण कंटाळून 'पुढे, पुढे' दाबत जातो. त्यातल्याच एका 'पुढे'मध्ये आपण कबूल करून बसतो की माझी कागदपत्रं, माझे फोटो, माझ्या पडद्यावर ठेवलेलं सगळं कंपनीच्या दूरच्या कोठारात जाऊ दे. तेच क्लाउड. फुकटची जागा थोडी असते. ती भरली की पडद्यावर इशारे सुरू होतात, जागा संपली, जागा संपली. माणसाला वाटतं व्हायरस शिरला.

त्यात एक मेख आहे, ती एकदा समजून घेतली की निम्मं संकट टळतं. फाइलच्या नावापुढे बारीक खूण असते. हिरवी बरोबरची खूण असली तर वस्तू तुमच्या घरात आहे. निळा ढग असला तर घरात नुसतं नाव आहे, वस्तू तिकडे. तुम्ही उघडायला गेलात की ती इंटरनेटवरून येते आणि तुम्हाला वाटतं, इथंच तर होती. म्हणून क्लाउड बंद करायचं तर आधी सगळं घरी उतरवून घ्यायचं, उघडून बघायचं, दुसरीकडे एक प्रत ठेवायची आणि मगच कडी लावायची. लोक आधी कडी लावतात.

खटाव तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार असेच आले होते. अख्खा कॉम्प्युटर पोत्यात घालून, एसटीच्या मागच्या सीटवर मांडीशी धरून. पोतं माझ्या टेबलावर ठेवलं आणि सरळ उभे राहून म्हणाले, "ताई, दुश्मन खतम केला. पर आपली चौकी बी गेली."

"म्हणजे काय केलंत?"

"त्यो ढग सारखा मधी मधी याचा. जागा संपली म्हणायचा. म्हटलं, माझ्या घरात मला सांगनारा तू कोन? मुळापास्नं उपटला. आता टेबल मोकळं! पेन्शनीचे कागद न्हाईत, नातीचे फोटो न्हाईत."

मी बघितलं. कागद, फोटो सगळं मशीनमध्येच होतं, फक्त क्लाउडनं स्वतःच्या नावाचा जो कप्पा केला होता त्यात. सुभेदारसाहेबांनी कप्प्याचा रस्ता उडवला होता, कप्पा तसाच होता. मी सगळं जागच्या जागी मांडून दिलं. नातीचा फोटो पडद्यावर आला तशी त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा खाली बसले. "लय झ्याक," म्हणाले. "आता पानी द्या."

क्लाउड वाईट आहे असं मी कुणाला सांगत नाही. मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंचा लॅपटॉप चोरीला गेला आणि त्यांचं सगळं लिखाण क्लाउडमुळेच परत मिळालं, तेही मीच उतरवून दिलं. ज्याला हवं त्यानं ते खुशाल ठेवावं. माझं म्हणणं एवढंच की ठेवलंय हे त्याला माहीत असावं. इब्राहिमचाचांना ते माहीत नव्हतं.

चाचा मिरजेत सतारी करतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एके दिवशी सकाळी ते लॅपटॉप रुमालात बांधून दुकानात आले. मी त्यांना तेव्हा ओळखत नव्हते. पांढरी दाढी, बोटांच्या टोकांना घट्टे, आणि बोलताना उजवा कान पुढे करायची सवय. गाठ सोडत म्हणाले, "ताई, माझे आवाज गेले. बघा जरा."

मला वाटलं स्पीकर बिघडला असेल. मी एक गाणं लावून दाखवलं.

"ह्यो आवाज न्हाई ओ. माझे. सतारींचे."

मग त्यांनी नीट सांगितलं. सतारीच्या तारा भोपळ्यावर बसवलेल्या घोडीवरून, म्हणजे एका हाडाच्या पट्टीवरून जातात. त्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसीनं इतका हलका घासायचा की तार तिच्यावर नेमकी टेकेल आणि वाजली की मागे झंकार रेंगाळेल. याला जवारी काढणं म्हणतात. कानस जरा जास्त फिरली की आवाज बदलतो. प्रत्येक वाजवणाऱ्याला वेगळी जवारी लागते, कुणाला झंकार मोकळा सोडणारी उघडी, कुणाला तो आवरणारी बंद. चाचांची मुलगी नसीम हिनं लग्नाआधी एक पद्धत घातली होती. सतार तयार झाली की एकेक तार छेडून मोबाईलवर आवाज धरून ठेवायचा. वाद्य काही वर्षांनी दुरुस्तीला परत आलं की तो आवाज ऐकायचा आणि जवारी तिथवर न्यायची. लग्नानंतर जावयानं सासऱ्यांना हा लॅपटॉप दिला, तेव्हा नसीमनंच माहेरी येऊन सगळे आवाज आणि काही व्हिडिओ त्यात भरले. तो जुना मोबाईल पुढे भंगारात गेला.

"पूर्वी मला ह्याची गरज लागत न्हवती," चाचा म्हणाले. "वाद्य हातात घेतलं की आठवायचं. आता कान कमी झालाय. बारीक सूर सुटतात. हेडफोन लावून जुना आवाज ऐकला तरच जमतंय."

साताऱ्याच्या मालतीबाई, गाण्याच्या निवृत्त शिक्षिका, त्यांची सतार चाचांकडे आली होती. वाद्य पडलं होतं, भोपळा तडकला होता, घोडी फुटली होती. चाचांनी भोपळा सांधला, नवी घोडी बसवली. राहिली होती जवारी. मालतीबाईंची बोटं आता सुजतात. दिवाळीच्या पहाटे साताऱ्यात त्यांच्या शिष्यांनी कार्यक्रम ठेवला होता आणि बाईंनी सांगून टाकलं होतं की लोकांसमोर हे शेवटचं वाजवणं. "चाचा, मला माझीच सतार पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी लॅपटॉप उघडला. 'सतार' नावाचा कप्पा होता आणि तो रिकामा होता. क्लाउडचं खातं चालू होतं, पण ते चाचांच्या नावाचं नव्हतंच.

"हे अस्लम कोण?"

"जावई. साताऱ्याच्या पुढं, खंडाळ्याला कंपनीत हाय."

लॅपटॉप देताना जावयानं सोय म्हणून स्वतःचंच खातं घातलं होतं. म्हणजे सासऱ्यांचे आवाज निघून जावयाच्या कोठारात साठत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मी अस्लमला फोन लावला. कंपनीत फोन गेटवर ठेवावा लागतो, त्यामुळे तो संध्याकाळी मिळाला. चाचा तोवर दुकानातच बसून होते. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"तुमच्या क्लाउडमधून काही काढलंत का हल्ली?" मी विचारलं.

"हो. मला मोबाईलवर सारखे मेसेज, जागा संपली म्हणून. बघितलं तर नुसत्या आवाजाच्या फाइली. एक लावली, तर टूं... टूं... म्हटलं चुकून काहीतरी रेकॉर्ड झालंय. सगळं साफ केलं. का? काय झालं?"

"ते चाचांचे आवाज होते."

"ते तर त्यांच्या लॅपटॉपात असणारच ना! मी माझ्याकडचे काढले."

"लॅपटॉपातला कप्पा रिकामा आहे," मी म्हटलं. चाचांनी कान पुढे केला होता, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. "या अल्ला," तिकडे अस्लम हळूच म्हणाला.

क्लाउडमध्ये दोन्हीकडे एकच वस्तू असते. इथून काढली की तिथूनही जाते, तिथून काढली की इथूनही. पण तिकडे एक कचऱ्याची पेटी असते आणि टाकलेलं काही दिवस तीत पडून राहतं. मग पेटी आपोआप रिकामी होते. त्याच्या आत पोचलं तर आशा.

"अस्लमभाई, आता कशालाही हात लावू नका. खातं उघडू नका, काही शोधू नका. आम्ही उद्या येतो."

फोनवरून बटणं दाबायला सांगणं मी कधीच सोडून दिलंय. घाबरलेला माणूस 'परत आणा'च्या जागी 'कायमचं पुसा' दाबतो. शिवाय खातं उघडायचा ओटीपीचा आकडा त्याच्याच मोबाईलवर येणार होता आणि चाचांच्या घरचं इंटरनेट इतके मोठे आवाज उतरवून घेण्याच्या लायकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. चाचा खिडकीशी, लॅपटॉप त्यांच्या मांडीवर. कऱ्हाड गेलं, सातारा गेला. वेळे गावाच्या पुढे चाचा एकदम म्हणाले, "त्यानं मुद्दाम केलं न्हाई. मला ठावं हाय. पर टूं टूं म्हनला बघा. माझं सगळं काम त्याच्या कानाला टूं टूं."

मी म्हटलं, "चाचा, माझ्या वडिलांना माझं काम कधी कळलं नाही. पण ते सगळ्यांना सांगायचे मात्र."

"ह्यो सांगत बी न्हाई," चाचा म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

खंडाळ्यात नसीमनं दार उघडलं. अस्लमनं रजा टाकली होती. तो सासऱ्यांच्या समोर यायला कचरत होता. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला, "अब्बा, मला खरंच माहीत नव्हतं."

"ताईंचं काम होऊ दे आधी," चाचा म्हणाले.

अस्लमच्या मोबाईलवर आकडा आला, खातं उघडलं, मी कचऱ्याची पेटी उघडली. नावं दिसायला लागली. एकाखाली एक, नसीमनं दिलेली, गाव आणि माणूस. नसीम माझ्या खांद्यावरून वाचत होती. "अब्बा, धारवाडवाले आहेत! जतवाले आहेत! मालतीबाई... मालतीबाई पण आहेत!"

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पण मी आणखी खाली गेले तरी एकही व्हिडिओ दिसेना. "यात व्हिडिओ नव्हते का?"

अस्लमचा चेहरा उतरला. "व्हिडिओ मी आधी काढले होते. ईदच्या सुमाराला. तेच जास्त जागा खात होते."

ते पेटीतून केव्हाच गेले होते. मी कंपनीच्या मदतीच्या पानापर्यंत सगळं करून बघितलं, उगाच आशा लावायची नाही म्हणून काही न बोलता केलं, आणि मग सांगितलं, "ते परत येणार नाहीत, चाचा."

त्यात त्यांच्या थोरल्या भावाचे हात होते. भाऊ जवारी काढताना नसीमनं घेतलेलं चित्रण, भाऊ जायच्या आधीचं. त्यांच्याकडेच चाचा काम शिकले होते. चाचा उठून बाहेर गॅलरीत गेले. अस्लम मागून गेला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी जे परत आणू शकले नाही त्यात हे एक अजून मनात आहे. कुणाचं चुकलं म्हणून नव्हे. आम्ही थोडं आधी पोचलो असतो तर, एवढंच.

चाचा आत आले ते डोळे पुसून. "जे हाय ते उतरवून घ्या, ताई."

मी आवाज पेटीतून परत आणले. ते कप्प्यात आले, पण प्रत्येकापुढे निळा ढग. म्हणजे नाव इथं, आवाज अजून तिकडंच. अस्लमनं तेवढ्यात विचारलं, "आता लगेच बंद करूया ना? अब्बांचं वेगळं करून टाका."

"आत्ता बंद केलं तर नुसती नावं हातात राहतील," मी म्हटलं. पूर्ण कप्प्यावर 'कायम या मशीनवर ठेवा' असं सांगितलं आणि आम्ही खूण बदलायची वाट बघत बसलो. नसीमनं जेवायला वाढलं. ढग जाऊन हिरवी खूण येत होती, एकेक करून. चाचांना मी ती खूण दाखवली तेव्हापासून ते ताट हातात घेऊन पडद्यासमोरच बसले.

सगळं उतरलं. उघडून बघायचं राहिलं होतं. खूण हिरवी झाली म्हणून मी कधी विश्वास ठेवत नाही, वस्तू उघडून बघते. मालतीबाईंची फाइल लावली. आधी एका मुलीचा आवाज आला, कोवळा, जरा लाजरा. "मालतीबाई, सातारा. लाकूड तूनाचं. जवारी उघडी." मग तार वाजली.

अस्लम नसीमकडे वळला. "हा तुझा आवाज आहे?"

"मग कुणाचा?"

"मी जी फाइल लावली होती ती मधूनच लावली. सुरुवात ऐकलीच नाही." तो माझ्या शेजारी येऊन बसला. "दुसरी लावा ना ताई."

मी दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येकीत आधी नसीम, मग सतार. चाचा आता त्याला सांगायला लागले. ही उघडी जवारी बघ, ही बंद, हिच्यात झंकार कसा लांब जातो. अस्लमला फरक कळत नव्हता. तसं तो प्रामाणिकपणे सांगत होता आणि परत लावायला लावत होता. मला घाई नव्हती. तपासणी अशी सावकाश झालेली मला चालते.

मग मी माझं खरं काम केलं. आवाज क्लाउडच्या कप्प्यातून काढून लॅपटॉपच्या साध्या कप्प्यात ठेवले. त्यांची एक प्रत मी बरोबर आणलेल्या छोट्या हार्डडिस्कवर घेतली. कागदपत्रं आणि फोटो तिकडे पाठवणं बंद केलं, लॅपटॉपचं अस्लमच्या खात्याशी असलेलं नातं तोडलं, मशीन चाचांच्या स्वतःच्या नावावर केलं आणि सगळ्यात शेवटी तो प्रोग्रॅम काढून टाकला. लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. इंटरनेटही तोडलं. मालतीबाईंची सतार वाजली.

"आता ह्ये कुठं जानार न्हाई ना?" चाचांनी विचारलं.

"आपोआप कुठं जाणार नाही. पण लॅपटॉप पडला, भिजला, तर जाईल. म्हणून ही दुसरी डबी. ती लॅपटॉपजवळ ठेवायची नाही. दुसऱ्या घरात ठेवायची."

चाचांनी डबी हातात घेऊन जोखली आणि अस्लमपुढे धरली. "तुज्याकडं ठेव."

अस्लमनं दोन्ही हातांनी घेतली.

मिरजेला परतल्यावर चाचांनी जवारी काढली. मी मुद्दाम बघायला गेले होते. हेडफोन कानाला, कानस घोडीवर, मध्ये मध्ये थांबून तार छेडायची. नसीम माहेरी आली होती. तिचा कान बारीक. ती डोळ्यांनीच सांगायची, अजून जरा. मालतीबाई स्वतः सतार न्यायला आल्या. बसल्या, सुजलेल्या बोटांत नखी चढवली आणि एकच तार छेडली. ती तार विझेपर्यंत कुणी हललं नाही. "हं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सतार मांडीवरून खाली ठेवलीच नाही, चहासुद्धा तशीच धरून प्यायल्या.

दिवाळीच्या पहाटे साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये मीही गेले. मला रागदारीतलं काही कळत नाही. मागच्या खुर्च्यांत, दाराजवळ जागा मिळाली तिथं बसले. मालतीबाईंनी वाजवायला सुरुवात केली. झंकार उठला, माणसांवरून मागे माझ्यापर्यंत आला आणि बराच वेळ राहिला. शेजारच्या बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "काय आवाज आहे हो!" मला सांगावंसं वाटलं की हा आवाज गेला होता, मी तो कचऱ्याच्या पेटीतून काढलाय. सांगितलं नाही. पण ताठ बसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून चाचा उठले. नवा पांढरा कुर्ता. मान वळवून सगळ्या हॉलवर नजर फिरवली, मला शोधून काढलं आणि लोकांच्या पायांतून वाट काढत थेट माझ्यापर्यंत आले.

"इथं काय बसलाय?" ते कुजबुजले. कान कमी झाल्यामुळे त्यांची कुजबूज सगळ्या मागच्या रांगांना ऐकू गेली. "चला, पुढं चला. अस्लमनं तुमच्यासाठी खुर्ची धरलीय."